तुम्ही म्हणाल तसं

पहाटे 5.30

गॅलरीतल्या टेबलावर पंधरा जर्नलं पडली आहेत. चहाला उकळी येईपर्यंत दोन तरी होतील म्हणून बसते. खाली रात्रपाळीच्या कॅब एकेका सोसायटीच्या फाटकाशी मुलामुलींना उतरवताहेत आणि त्याच रस्त्यावरून हातात डबे घेतलेल्या बायका-पुरुषांची रांग पलीकडच्या अर्धवट टॉवरकडे चालली आहे. एकजण झोपायला चाललाय, दुसरा स्लॅबवर चढायला. वीस वर्षं पुण्यातल्या खराडीत राहते आहे, तरी ही वेळ मला रोज थांबवते.

जर्नलं एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांची. विषयाचं नाव आता कम्युनिटी मेडिसिन आहे, पण मुलं काय आणि आम्ही काय, सगळे जुन्या नावाने पीएसएमच म्हणतो. प्रत्येकाने या भागातलं एक कुटुंब घ्यायचं, घरी जाऊन आजार तर लिहायचाच, पण आजाराच्या आजूबाजूचंही सगळं लिहायचं: पाणी कुठून येतं, चूल कशावर पेटते, कर्ज कुणाचं, दवाखान्यात न्यायचं की नाही हे कोण ठरवतं. जर्नल इंग्रजीत असतं. शेवटचं वाक्य चौदा जणांनी जवळपास एकच लिहिलंय : रुग्णाला समजावून सांगितले, संमती घेतली.

पंधराव्या जर्नलात एका मुलीने इंग्रजीच्या मधोमध देवनागरीत एक ओळ लिहिली आहे. बाई म्हणाल्या, ‘तुम्ही म्हणाल तसं.’ आणि समासात पेन्सिलीने एक बारीक प्रश्नचिन्ह.

लाल पेन उचललं होतं, ते खाली ठेवलं. बावीस वर्षं मी भावी डॉक्टरांना समाजशास्त्र आणि नीती शिकवते. मी स्वतः डॉक्टर नाही, समाजशास्त्राची एम.ए. आहे. या बावीस वर्षांत मला जे शिकवायचं होतं त्यातलं बरंचसं त्या पेन्सिलीच्या खुणेत आहे.

सकाळी 8

केंद्रात पोचते. आमच्या महाविद्यालयाचं हे नागरी आरोग्य केंद्र : दोन तपासणीच्या खोल्या, एक औषधांची खिडकी, वर पत्र्याचा हॉल. मावशी झाडून घेताहेत. इंटर्न मुलगा आधीच आलाय. लातूर जिल्ह्यातला, कमी बोलणारा, रुग्णांच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना हात धरून बसवणारा. त्याची इथली पोस्टिंग बारा आठवड्यांची, त्यातला हा सातवा.

सकाळी 9

महाविद्यालयाची बस बॅच घेऊन येते. साइटवर जाण्याआधी मी बस मुंढव्याच्या पुलाजवळ थांबवायला लावते. ड्रायव्हरला हे सवयीचं आहे. मे महिना, नऊ वाजताच ऊन चटका देतंय. खाली मुळा-मुठा, जलपर्णीने हिरवी झालेली. अलीकडे खराडी, पलीकडे मुंढवा.

मुलांना विचारते, 1897 साली इथे काय झालं? दोघांना प्लेग एवढं माहीत आहे. बाकीचं मी सांगते. 4 फेब्रुवारी 1897 ला साथरोग कायदा झाला. कोविडमध्ये 2020 साली आपल्याला घरात बसवलं तेव्हाही हा कायदा वापरला गेला. पुण्यात प्लेगचा अधिकारी रँड याच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले, रोगी हुडकून काढायला. देवघरात गेले, माजघरात गेले, बायकांनाही तपासलं. हेतू साथ रोखण्याचा होता आणि साथ खरी होती, हे मी मुलांना आवर्जून सांगते. तरीही लोक रोगी लपवायला लागले. पुढे जूनमध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, ते सगळ्यांना पाठ असतं.

त्याच साली, त्याच साथीत, सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत यांनी शहराबाहेर ससाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याबाहेरच्या महारवाड्यात एका मुलाला गाठ आल्याचं कळलं तेव्हा सावित्रीबाई स्वतः गेल्या आणि त्या पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. वय 66. लागण झाली आणि 10 मार्चला त्या गेल्या.

एक मुलगी पलीकडच्या काठाकडे बघत विचारते, “मॅडम, म्हणजे इथूनच?” हो, याच पट्ट्यातून. हे मी वर्गात सांगू शकले असते. पण वर्गात ती जयंतीची गोष्ट होते. इथे अंतर दिसतं, ऊन लागतं, आणि एका मुलाला पाठीवर घेऊन एवढं चालायला किती वेळ लागेल याचा हिशोब मुलं आपोआप करतात. एकाच साथीत एकाच गावाने रोग्याला हात लावायच्या दोन पद्धती पाहिल्या. कायदा आणि शिपाई एकीकडे होते. दुसरीकडे एक विधवा बाई होती आणि लोकांनी आपलं पोर तिच्या हवाली केलं. का केलं, याचं उत्तर मी देत नाही. बसमध्ये बसा म्हणते.

सकाळी 10

टॉवरच्या मागे लेबर कॅम्प. पत्र्याच्या खोल्यांच्या चार ओळी, प्रत्येक खोली साधारण दहा बाय दहा, दाराला सिमेंटच्या गोण्यांचा पडदा. टँकर आत्ताच येऊन गेलाय, त्यामुळे ओल आहे. जालना, परभणी, बीड, आणि त्यापलीकडे झारखंड, छत्तीसगड. मुकादमाची परवानगी काल घेतली होती. तरी मुलांना सांगते, मुकादम हो म्हणाला म्हणजे खोलीतल्या बाईने हो म्हटलं असं धरायचं नाही. दारात उभं राहून पुन्हा विचारायचं.

माझे नियम थोडे आहेत. ॲप्रन बसमध्ये. एका खोलीत तिघांपेक्षा जास्त जायचं नाही. त्या बसल्या असतील तिथे, तशाच बसायचं. घाई आहे असं दिसू द्यायचं नाही. आणि पाणी पुढे आलं तर तोंड फिरवायचं नाही. पोटाची भीती वाटत असेल तर तांब्या हातात घ्यावा, दोन शब्द बोलावे, मग बाजूला ठेवावा. मी कुणाला प्यायची सक्ती करत नाही, दूषित पाण्याचं प्रकरण आम्हीच शिकवतो. पण आपल्या राज्यात कुणाच्या हातचं पाणी नाकारणं ही शतकानुशतकांची भाषा आहे आणि समोरच्याला ती लगेच कळते. फुल्यांनी आपल्या वाड्यातला हौद 1868 साली सगळ्यांना खुला केला, ती गोष्ट पाण्याची होती तितकीच या भाषेची होती.

पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह काढणाऱ्या मुलीबरोबर आज मी आणि तो इंटर्न आहोत. मुलीला दुसऱ्या ओळीतल्या एका ताईंकडे पुन्हा जायचं होतं. ताई चौतीस वर्षांच्या, बीडकडच्या. दिवाळीनंतर ऊसतोडीला कारखान्यावर, पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की इकडे साइटवर. कंबर धरते, हाडं ठणकतात म्हणून आज खाडा केलाय. खाडा म्हणजे बुडालेला दिवस. ऊसतोडीत त्याचा दंड उचलीच्या, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या रकमेच्या, हिशोबात धरला जातो.

मुलगी फॉर्म काढत नाही, हे मला आवडलं. ती विचारते, “ताई, पाळीचं कसं?”

“पाळी कवाच गेली. पिशवी काढलीया ना.”

“कधी?”

“धाकटी दीड वरसाची असंल. सव्वीसावं लागलं व्हतं मला.”

“का काढली?”

“अंगावरून जायचं. डाक्तर म्हनले, पिशवी सडलीया, क्यान्सर व्हईल. मग म्हनलं, तुम्ही म्हनाल तसं.”

ताई उठून पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढतात. रेशनकार्ड, आधार, लसीकरणाची कार्डं आणि तळाशी घडीवर फाटत आलेले दवाखान्याचे कागद. त्यातला एक संमतीपत्राचा, इंग्रजीत छापलेला. खाली निळा अंगठा. मुलगी तो कागद ताईंसमोर धरते आणि हळूच विचारते, हा तुमचा? ताई वाकून बघतात. “मला सही येती की. चौथी झालीया माझी. मालकांचा असंल.”

मी इंटर्नकडे बघते. तो कागदाकडे बघत नाहीये, जमिनीकडे बघतोय.

मुलीच्या डोळ्यांत राग चढलेला दिसतो. या क्षणाची मला दर वर्षी भीती वाटते आणि दर वर्षी मी त्याची वाटही बघते. आता ती ताईंना ‘तुम्हाला फसवलं’ असं म्हणेल का? म्हटलं तर ताईंच्या हातात काय पडेल? आठ-नऊ वर्षांपूर्वीचा कागद, वर्षानुवर्षं न फिटणारी उचल आणि रात्री झोपताना एक नवा सल. आणि न म्हटलं तर आपणही त्याच दवाखान्यासारखे त्यांच्यापासून काहीतरी लपवणार. मी मध्ये पडत नाही. मुलगी बराच वेळ गप्प राहते. मग म्हणते, “ताई, पिशवीबरोबर अंडाशयंही काढली का, हे कागदावरून डॉक्टरांना दाखवून बघू या. तसं असेल तर हाडं लवकर दुखतात. त्याला औषध आहे. आणि तेव्हा काढायची गरज होती की नव्हती, हेही विचारायचं असेल तर विचारा. तुमचा कागद आहे.”

ताई म्हणाल्या, “व्हय? आता इचारता येतंय?”

दारात शेजारच्या दोघीजणी येऊन उभ्या राहिल्या होत्या. बोलणं तिथेच थांबवलं. बाकीचं केंद्रात, दार लावून.

दुपारी 12

हॉलमध्ये पंखा गरम हवा खाली ढकलतोय. चर्चेचा तास. 2019 च्या बॅचपासून नवा अभ्यासक्रम आला आणि वृत्ती, नीती व संवाद यांना त्यात जागा मिळाली. मुलं त्याला ‘ॲटकॉम’ म्हणतात. पहिल्या वर्षी रुग्ण असणं म्हणजे काय आणि शवविच्छेदनाच्या टेबलापाशी देह हा पहिला गुरू, अशी सुरुवात होते. पुढे गोपनीयता, संमती, उपचाराचा हक्क असं वर्षावर्षाने वाढत जातं. मला हे मनापासून हवं होतं. त्याआधी नीती हा न्यायवैद्यकाच्या पुस्तकातला एक धडा होता आणि समाजशास्त्र पीएसएमच्या जाड पुस्तकातलं एक प्रकरण. दोघांची गाठ पडत नव्हती. पण खोलीत शिरल्यावर ती दोन्ही वेगळी काढताच येत नाहीत. संमती कुणाची हा नीतीचा प्रश्न आणि अंगठा कुणाचा हा समाजशास्त्राचा. कागद एकच.

मुलं कुटुंबाची आर्थिक पातळी मांडायला लागतात. कुप्पुस्वामींची मोजपट्टी, 1976 ची : कुटुंबप्रमुखाचं शिक्षण, त्याचा व्यवसाय, कुटुंबाचं उत्पन्न. एकजण अडतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात, दोघांची मिळून उचल आगाऊ घेतलेली असते, मग उत्पन्न काय लिहायचं? उणे? आणि कुटुंबप्रमुख कोण, नवरा की मुकादम? हा प्रश्न त्याला स्वतःला पडला, यासाठी मी सकाळची सगळी पायपीट करते. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांनी नातेसंबंधांचा जो अभ्यास केला तो इथून काही किलोमीटरवर, येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात बसून. घरात शब्द कुणाचा चालतो हे कळल्याशिवाय रुग्णाच्या ‘हो’चा अर्थ लागत नाही, हे मला त्यांचं लिखाण वाचूनच उमगलं. मुलांना त्यांचं पुस्तक वाचा म्हणत नाही, वेळ नसतो त्यांना. नाव तेवढं फळ्यावर लिहून ठेवते.

मग आकडा. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या 82 हजारांवर स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींमागे एक. हॉल शांत होतो. सकाळच्या ताई एकट्या नाहीत, हे कळायला आकडा लागतो. आणि आकड्याला तोंड असतं, हे कळायला ताई लागतात.

पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा म्हणतो, “पण मॅडम, कायद्याने संमती झाली ना? नवऱ्याने दिली.”

त्याच्यासाठी 2008 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ठेवलेला असतो. दिल्लीतली 44 वर्षांची स्त्री, नुसत्या तपासणीसाठी भूल दिलेली. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशयं काढली. न्यायालय म्हणालं, रुग्ण सज्ञान आहे, शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत होतं, जिवाला तातडीचा धोका नव्हता, मग आईची संमती चालणार नाही. तपासणीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती होत नाही. आईची नाही तर नवऱ्याची कशी चालेल?

मुलगा लिहून घेतो. पण मागून एकजण हात वर करते. “मॅडम, निकाल बरोबर आहे. पण ताईंनी सही स्वतः केली असती तरी काय वेगळं झालं असतं? त्या तर म्हणाल्याच होत्या, तुम्ही म्हणाल तसं.”

हाच तो प्रश्न. पाळीच्या दिवसांत ऊस तोडायचा, खाडा झाला तर पैसे कापायचे, फडात आडोसा नाही, पाणी नाही, पिशवी काढली की कटकट मिटली असं आजूबाजूच्या सगळ्या बायका सांगणार, आणि वर डॉक्टर कॅन्सर म्हणणार. अशा वेळी ‘हो’ खरा कुणाचा? सहीने यातलं काहीच बदलत नाही. मग डॉक्टरने काय करायचं, समाज बदलेपर्यंत थांबायचं? एवढं मात्र त्याच्या हातात होतं : कॅन्सरचा शब्द पुराव्याशिवाय तोंडातून काढायचा नाही, औषधाने भागतं का आधी बघायचं, आणि ‘तुम्ही म्हणाल तसं’ ऐकल्यावर पेन पुढे न करता खुर्ची ओढून बसायचं. ‘तुम्ही म्हणाल तसं’ हा विश्वास आहे, संमती नाही. फळ्यावर एवढंच लिहिलं.

तास सुटल्यावर इंटर्न जिन्यात थांबला होता. म्हणाला, “मॅडम, माझ्या आईची पण काढलीय. मी आठवीत होतो. ती सहा दिवस दवाखान्यात होती आणि मी मावशीकडे क्रिकेट खेळत होतो.” थोडं थांबून म्हणाला, “का काढली, मी कधी विचारलंच नाही.” मी काही बोलले नाही. त्याने माझ्या हातातली जर्नलं घेतली आणि खाली नेऊन ठेवली.

दुपारी 1.45

डबा. मेथीची भाजी, भाकरी. बस बॅचला घेऊन गेली.

जेवताना बाबा आठवले. नऊ वर्षांपूर्वी एका अतिदक्षता विभागाच्या दारात माझ्यापुढे पुठ्ठ्यावर लावलेले कागद आले. इथे, इथे आणि इथे. त्या वेळी संमती शिकवायला लागून मला तेरा वर्षं झाली होती. मी तिन्ही ठिकाणी सही केली, एक ओळ न वाचता, आणि समोरच्या तरुण डॉक्टरला म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं. त्याने वर न बघता कागद घेतला. बाबा दोन दिवसांनी गेले. उपचारात चूक होती असं मला वाटत नाही. पण त्या दोन दिवसांत काय केलं जाणार होतं आणि काय न करणंही शक्य होतं, हे मला अजून माहीत नाही. बाबा शुद्धीत होते तेव्हा त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. हे मी प्रत्येक बॅचला शेवटच्या तासाला सांगते. सांगताना आजही आवाज कापरा होतो, आणि मी तो होऊ देते.

दुपारी 3

आमच्या नैतिकता समितीची बैठक परवा आहे. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अशा समितीत समाजशास्त्र किंवा नीतिशास्त्र जाणणारी एक व्यक्ती लागते, एक कायदा जाणणारी, एक सामान्य नागरिक, आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचा. समाजशास्त्राच्या जागेवर मी. आलेल्या संशोधनांची मराठी माहितीपत्रकं वाचणं हे मी स्वतःहून अंगावर घेतलेलं काम.

आजचं पत्रक एका गुडघेदुखीच्या औषधाचं आहे. पहिलं वाक्य : ‘आपणांस यादृच्छिकीकरणाद्वारे दोहोंपैकी एका गटात समाविष्ट करण्यात येईल.’ हे कुणाला कळणार? आमच्या मावशींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “कसली तरी योजना असंल.” मग मी त्यांना तोंडी सांगितलं : दोन औषधं आहेत, कुणाला कोणतं द्यायचं ते डॉक्टर ठरवणार नाहीत, चिठ्ठ्या टाकून ठरणार. मावशींनी मान हलवली. “मग तसं लिवा की. भिशी लागती तसं.” त्यांनी पुढे जे विचारलं ते पत्रकात कुठेच नव्हतं : “आनि मधेच नगं वाटलं तर? डाक्तर रागावत्याल?”

‘सहभागी आपला सहभाग कोणत्याही टप्प्यावर संपुष्टात आणू शकतो’ असं एक वाक्य तिसऱ्या पानावर होतं. ते पहिल्या पानावर आणलं आणि असं केलं : ‘मध्येच नको वाटलं तर नाही म्हणा. कुणी रागावणार नाही. तुमचा नेहमीचा उपचार चालूच राहील.’ तीन पानांचं पत्रक दीड पानाचं झालं. संशोधक मंडळींना ते फार साधं वाटेल, मला माहीत आहे. परवा मी त्यासाठी भांडणार आहे. कळत नाही अशा भाषेतला कागद अंगठ्याच्या कागदापेक्षा फार वेगळा नसतो.

संध्याकाळी 5.30

ओपीडी. सकाळच्या ताई आल्या, कागदांची पिशवी छातीशी धरून. कामावरून सुटून नवराही मागोमाग आला आणि दारात चपला काढून उभा राहिला. केंद्राच्या डॉक्टरांनी आधी ताईंना एकटीला आत घेतलं, दार लावलं. पाऊण तास लागला, बाहेर रांग कुरकुरत होती. आत काय झालं ते माझ्या लिहिण्याचं नाही. बाहेर आल्यावर ताईंनी औषधाच्या खिडकीशी स्वतः सही केली, एकेक अक्षर सावकाश काढत. नवरा बाजूला उभा राहून बघत होता.

पंधरावं जर्नल उघडून समासात त्या प्रश्नचिन्हाखाली तारीख घातली. गुण नंतर देईन.

संध्याकाळी 7

केंद्राला कुलूप लावायची वेळ. आयटी पार्ककडून घरी परतणाऱ्या गाड्यांनी रस्ता भरून गेलाय, हॉर्न थांबत नाहीत. पायरीवर इंटर्न बसलाय, पाठ माझ्याकडे. एक कान बोटाने दाबून धरलाय, दुसऱ्याला फोन.

“नाही गं, मला काही झालं नाही. सहज विचारतोय,” तो म्हणतो. “हां. हां. मग डॉक्टर काय म्हणाले?”

बराच वेळ तो नुसता ऐकतो. मावशी किल्ल्या घेऊन माझ्याकडे बघतात. मी हातानेच थांबा म्हणते.

“सांग ना आई,” तो म्हणतो. “मला घाई नाही.”